मालवणहून नागपुरात आलेलं ओबीएम (नावेच्या मागं लावायचं इंजिन) मिठानं जाम झालंय, खोलू की भंगारात देऊ?

टूस्ट्रोकवाला | ३ मे, रात्री १०:४२

राम राम मंडळी. माझं काम दुचाकीचं. आरएक्स १००, येझदी, लुना, जे जे निळा धूर सोडते ते माझ्या गॅरेजात येते. पण या वेळी मामानं भलतंच धूड आणून टाकलं.

मामा रामटेककडच्या एका तलावावर मच्छीमार सोसायटीत आहे. डोंगा वल्हवून वल्हवून सगळ्यांचे खांदे गेले, म्हणून सोसायटीनं फायबरची नाव घेतली अन् तिला लावायला मालवणकडून सेकंडहँड ओबीएम मागवलं. यामाहा, १५ एचपी, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. वाडीच्या ट्रान्सपोर्टमधून उतरवलं तेव्हा वरून चकाचक, ताजा रंग. कव्हर काढलं अन् डोकंच फिरलं. आत सगळीकडे पांढरी भुकटी, जसं कोणी रांगोळी सांडली. वायरींच्या टोकांना हिरवा थर आलेला. दोरी ओढली की इंजिन फिरते, काँप्रेशन हाताला बरं लागते, पण करंट (प्लगला ठिणगी) नाही. गिअरचं तेल काढलं तर पाणी शिरून झालेली लस्सी निघाली. थर्मोस्टॅटच्या (थंड करणाऱ्या पाण्याची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेच्या) झाकणाचा पहिलाच बोल्ट, दहाचा पाना लावला, जरासा जोर दिला, टक. मुंडी हातात.

जुना मालक म्हणते दोन वर्षं ताडपत्रीखाली उभं होतं. माझा हिशेब असा, की नागपूर समुद्रापासून कुठल्या कुठे, त्यात मे महिना, हवा तव्यासारखी कोरडी. म्हणजे गंज जो व्हायचा तो होऊन गेला, आता वाढणार नाही. सावकाश खोलत बसलो तर चालेल ना? की पैसे घालण्याआधी भंगारवाल्याला दाखवू?

फुटाळ्यावरचा भुट्टा | ३ मे, रात्री ११:०५

नागपुरात समुद्री इंजिन! अंबाझरी तलाव पुन्हा ओसंडला की काय बे?

दांडीकर | ४ मे, सकाळी ७:१८

भुट्टा, हसू नका. २०२३ च्या सप्टेंबरातल्या पुरात तुमच्याकडे रस्त्यावर बोटी फिरल्या तेव्हा त्यांना मागे ओबीएमच होती.

धागाकर्ते, मी मालवणचा. घरात तीन इंजिनं आहेत, लहानपणापासून हात काळे आहेत. सांगतो ते राग न मानता ऐका. बोल्टाला पाना लावण्याची तुम्ही घाई केलीत. आमचे आजोबा म्हणायचे, आधी मीठ काढूक व्हया, मगे पानो. तुम्ही आजपासून पाना भिंतीला टांगा. पूर्ण इंजिन कोमट गोड्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर नको, तो पाणी नको तिथे घुसवतो. मग्ग्याने, मऊ ब्रशने. करंटचा भाग, कार्बचं (कार्ब्युरेटरचं) तोंड प्लास्टिकने बांधून घ्या. एकदा नाही, तीन दिवस. धुतलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून पाहायचा, खारट लागला तर अजून धुवायचं. हाच आमचा मीटर. पेट्रोल-तेल लागलेल्या जागेचा थेंब मात्र चाखू नका.

भंगारात देण्यासारखं काही दिसत नाही. क्रँक फिरतोय म्हणजे जीव आहे.

धातूवेडी | ४ मे, दुपारी १:३३

दांडीकरांना +१. मी व्हीएनआयटीत धातुशास्त्र शिकले आहे, त्यामुळे "कोरडी हवा, आता वाढणार नाही" या वाक्याला हात घातल्याशिवाय राहवत नाही.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी उडून गेलं तरी ते क्षार तिथेच बसतात, झाकणाखाली, बोल्टाच्या आट्यांत, पॅकिंगच्या कडेला. त्यातलं साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पण समुद्री क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, ते तेहतीसेक टक्क्यांनाच ओलं होतं. मेच्या दुपारी तुमच्या गॅरेजात ते झोपलेलं आहे. एक वळीव पडू द्या, जागं होईल. जुलैत तर नागपूर आणि मालवण यांत त्या बोल्टाला काही फरक कळणार नाही.

आणि ते ओलं मीठ म्हणजे दोन धातूंमधली तार. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बोल्ट स्टेनलेसचा. दोघं ओल्या मिठात एकत्र आले की छोटी बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. तुमची रांगोळी म्हणजे ॲल्युमिनियमचा ऑक्साइड-हायड्रॉक्साइड. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांत फुगून बोल्टाला पाचर मारल्यासारखा धरून ठेवतो. बोल्ट गंजला नव्हता, भोवतालच्या घराने त्याला आवळला होता.

जुगाडराव | ४ मे, दुपारी ४:१०

एवढं कशाला करता? बाथरूम साफ करायचं ॲसिड ओता, फस्सकन सगळं निघते. नाही तर कास्टिक सोडा. मी कूलरची टाकी अशीच साफ करतो.

धातूवेडी | ४ मे, दुपारी ४:२५

कृपा करून असं करू नका!! ॲल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि कास्टिकमध्येही. दोन्हीकडे हायड्रोजन निघतो. बंद गॅरेजात बाजूला पेट्रोलचा डबा असेल तर पुढचं मी लिहीत नाही. "फस्सकन निघतं" ते तुमचं इंजिनच असतं.

हिंगणा लेथ | ४ मे, रात्री ९:५०

तुटलेल्या बोल्टाबद्दल. एमआयडीसीत माझ्याकडे आठवड्याला असे चार येतात, आधी एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट काढायचं हत्यार) घालून त्यातच तोडून आणलेले. तो कडक तुकडा मग ड्रिललाही ऐकत नाही. भाऊ, तुम्ही तेवढं करू नका. बोल्ट वर किती उरला आहे?

टूस्ट्रोकवाला | ५ मे, रात्री १०:१५

दोन-तीन मिलिमीटर उरला आहे.

सगळ्यांचे आभार. पाना खरोखर भिंतीला टांगला. आज पहिली धुलाई झाली. बोअरचं पाणी घेतलं होतं, बायको म्हणाली त्यात तर आधीच क्षार, कूलरची जाळी दर महिन्याला पांढरी होते ते दिसत नाही का. बरोबर बोलली. आता नळाचं पाणी वापरतो. जिभेची परीक्षाही केली. बाप्पा! लोणच्याच्या बरणीची कड चाटल्यासारखं लागलं.

हिंगणा लेथ | ५ मे, रात्री १०:४०

दोन मिलिमीटर म्हणजे नशीब आहे. त्याच्यावर एक नट ठेवा अन् नटाच्या आतून वेल्डिंगनं दोघांना जोडून घ्या. फायदा दुहेरी, धरायला नवी मुंडी मिळते अन् बोल्ट आतून तापते. निवू द्या, मग पाना लावा, आधी घट्ट करायच्या दिशेनं केसभर, मग सैल. असंच मागेपुढे. वेल्डिंगच्या आधी करंटचा डबा, वायरी, सगळं उतरवून बाजूला ठेवा, अन् पेट्रोलची टाकी गॅरेजच्या बाहेर.

बाकीचे न तुटलेले बोल्ट आहेत त्यांना बोल्टावर नाही, भोवतालच्या ॲल्युमिनियमवर गॅसची ज्योत फिरवा. ॲल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगते, भोक मोठं होते. गरम असताना पेनिट्रेटिंग ऑइल, थंड होऊ द्या, पुन्हा गरम. मुंडीवर हातोडीच्या हलक्या टिचक्या मारत राहा. एका बोल्टाला अर्धा दिवस गेला तरी तो तुटल्यापेक्षा स्वस्त पडते.

टूस्ट्रोकवाला | १२ मे, रात्री ११:३०

अपडेट. नट वेल्ड केला, पहिला नट निसटला, दुसराही. तिसऱ्याला धरलं. घट्ट दिशेनं जरा दाबलं तेव्हा "कर्र" असा आवाज आला, दारं-खिडक्या पावसाळ्यात फुगतात तेव्हा येते तसा. मग अर्धा पाव फेरा सैल, पुन्हा घट्ट, पुन्हा सैल. वीस मिनिटं लागली. निघाला तेव्हा आट्यांत पांढरं पीठ गच्च भरलेलं. बाकीचे तीन गरम-थंड करून निघाले. चौथ्याचे घरातले आटेच सोबत आले, स्प्रिंगसारखे. तिथे आता काय?

झाकणाखालचा थर्मोस्टॅट तर ओळखूच येईना. मिठात मुरवलेल्या माशासारखा.

हिंगणा लेथ | १३ मे, सकाळी ८:०५

हेलिकॉइल. सहा एमएमचा संच घ्या, दिलेल्या ड्रिलनं भोक मोठं, दिलेल्या टॅपनं आटे, त्यात स्टेनलेसची गुंडाळी. मूळच्यापेक्षा मजबूत होते. टॅप हातानं अन् सरळ, मशीनवर नको. झाकणाचा पृष्ठभाग खड्डे पडलेला असन तर काचेवर एमरी पेपर पसरून त्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं घासा. पॅकिंग तेव्हाच बसेल.

लंगर | १३ मे, सकाळी ११:२०

नौदलातून निवृत्त, आता मुक्काम त्रिमूर्तीनगर. करंटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

टूस्ट्रोकवाले, आधी सांगा, स्टॉप बटणाची लाल दोरीची क्लिप लावली आहे का? लावली असेल तर ते बटण ब्लॉकपासून वेगळं करून, त्याची वायर सुटी ठेवून दोरी ओढून पाहा. या इंजिनांत बंद करायचं म्हणजे इग्निशनला जमिनीशी जोडायचं. बटणात मीठ बसलं की ते कायमचं दाबल्यासारखं वागतं. लोक सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलतात, कॉइल बदलतात, हजारोंनी पैसे घालवतात आणि दोष निघतो दोनशे रुपयांच्या बटणात. सुटी वायर ठेवून इंजिन चालू झालं तर ते बंद कसं करणार याचा विचार आधी करून ठेवा, चोक ओढायची तयारी ठेवा.

दुसरं, अर्थची जागा. वायरीचा डोळा ब्लॉकला जिथे बोल्टने कसलाय तिथे खाली पांढरं असतंच. घासून लख्ख करा, कसा, मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावून कसू नका. फ्लायव्हील काढायची वेळ आली तर पुलर वापरा. हातोडीने ठोकलंत तर आतले चुंबक सुटतील.

टूस्ट्रोकवाला | १३ मे, रात्री ९:००

लंगर काका, पाया पडतो. क्लिपच नव्हती 😅 क्लिप लावली तरी करंट नाही, पण वायर सुटी केली अन् निळी ठिणगी! दोन्ही प्लगांना. बटण उघडलं तर आत हिरवं-पांढरं लोणी.

काँप्रेशनही गेजवर घेतलं. वरचं ११०, खालचं १०५.

लंगर | १३ मे, रात्री ९:३१

उत्तम. दोघांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक नको असतो. तुमचा पाचाच्या आत आहे. आता पाण्याचा मार्ग बघा, त्याच्याशिवाय एक मिनिटसुद्धा चालू करू नका. कोरडं चालवलं की इम्पेलरची (पाण्याच्या पंपातल्या चक्राची) रबरी पाकळी काही सेकंदांत जळते.

टूस्ट्रोकवाला | १९ मे, रात्री ११:५५

आजचं सविस्तर लिहितो, कारण मलाच मजा आली.

खालचं गिअरबॉक्सचं पाय उतरवलं. इम्पेलर काढला, सहाही पाकळ्या एकाच बाजूला वाकून कडक झालेल्या, सुकलेल्या मिरच्यांसारख्या. नवा किट मुंबईहून मागवला. आता वर जाणारी पाण्याची नळी मोकळी होती अन् दुसऱ्या टोकाला थर्मोस्टॅटचं भोक उघडं. मध्ये काय भरलं आहे ते देव जाणे. फुंकून पाहिलं, कान बंद झाले, हवा गेली नाही.

मग डोक्यात आलं, आपल्याकडे कूलरचा पंप आहे की. हॉलमधल्या कूलरचा काढला. ४४ डिग्री बाहेर, घरात काय ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. बादलीत कोमट पाणी, त्यात पंप, पंपाची नळी इंजिनाच्या नळीला क्लिपनं आवळली, भोकातून येणारं पाणी परत बादलीत. चालू केलं. अर्धा तास काहीच नाही, पंप नुसता घूं करत होता. नळीला हात लावून बसलो होतो, थरथर जाणवत होती. मग भोकाच्या कडेला एक थेंब जमला. चहाच्या रंगाचा. तो पडला, दुसरा आला. चहा झाल्यावर धार लागली, मग थांबली, मग एकदम "फच्" करून खडा उडाला, मागे वाळू, मिठाच्या खपल्या अन् नखाएवढा शिंपल्याचा तुकडा. रामटेकच्या इंजिनातून शिंपला! पोरगं तो शाळेत घेऊन जायचा म्हणते.

चार वेळा पाणी बदललं. खारटपणा गेला, पण धार अजून बारीक आहे.

धातूवेडी | २० मे, सकाळी १०:१२

वा, कूलर पंप! मीठ पाण्यातच विरघळतं, ते काम झालं. उरला आहे तो चुनखडीसारखा थर, तो साध्या पाण्याला दाद देणार नाही. आता पांढरं व्हिनेगर आणि कोमट पाणी अर्धंअर्धं करून दोनेक तास फिरवा. बुडबुडे येतील. ते थांबले की काढून टाका, रात्रभर मुळीच ठेवू नका, कारण शेवटी तेही आम्लच. नंतर साध्या पाण्याने भरपूर धुवा.

बाहेरच्या भुकटीला नायलॉनचा किंवा स्टेनलेसचा ब्रश. साध्या लोखंडी तारेच्या ब्रशाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि पुन्हा तेच नाटक सुरू होतं. उघड्या धातूला आधी एच प्रायमर (धातूला धरून बसणारा पहिला थर), मग इपॉक्सी, मग रंग. जुन्या मालकाने केलं तसं मिठावर रंग फासू नका.

तळ्याकाठी | २० मे, दुपारी ३:४०

माझे बाबा अशाच एका सोसायटीत आहेत, म्हणून विचारते. टू-स्ट्रोकमधून बरंच पेट्रोल-तेल न जळता पाण्यात जाते ना? आमच्या तळ्याचं पाणी गुरं पितात, लोक धुणं-अंघोळ करतात. शिवाय इंजिन लावलेल्या नावेला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ खाली नोंदणी लागते. मामांनी ती केली का?

टूस्ट्रोकवाला | २० मे, रात्री १०:३०

ताई, प्रश्न बरोबर आहे. जाते, खोटं कशाला बोलू. सोसायटीत ठरलं आहे की जाळी टाकताना-ओढताना वल्हीच, इंजिन फक्त लांब जायला अन् वारा उठला तर परत यायला. फोर-स्ट्रोकचे पैसे सोसायटीकडे नाहीत. नोंदणीचं मामाला आज विचारलं, अर्ज भरायचा राहिला आहे. माझ्याकडून त्याला आधी कागद, मग इंजिन असं सांगितलं आहे.

दांडीकर | २१ मे, सकाळी ६:५५

तळ्याकाठी ताईंचा मुद्दा धरून, तेल तरी नीट घाला. तुमच्या गॅरेजातलं दुचाकीचं टू-टी नको. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी टीसी-डब्ल्यू३ मिळतं, त्याची राख होत नाही. ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. जास्त घातलं म्हणजे जास्त प्रेम, असं नसतं.

लस्सीचं काय झालं?

टूस्ट्रोकवाला | २१ मे, रात्री ९:१५

पंख्यामागच्या (प्रोपेलरमागच्या) सीलमध्ये मासेमारीची नायलॉन दोरी गुंडाळलेली होती, तिनंच सील कापलं. दोन्ही सील नवे. सायकलच्या पंपानं हळूच हवा भरून साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. ८०-९० चं तेल खालच्या भोकातून भरलं, वरच्यातून येईपर्यंत. वरचा स्क्रू आधी, मग खालचा.

दांडीकर | २१ मे, रात्री ९:४०

शाब्बास. आता सगळ्यात महत्त्वाचं, जे आम्ही मालवणवाले विसरतो कारण आम्हाला गरज नसते. पंख्याच्या वर आणि ब्रॅकेटखाली करड्या धातूचे ठोकळे असतील, ॲनोड. ते स्वतः झिजून इंजिन वाचवतात. समुद्रात जस्ताचे लावतो. तुमच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर बसतो आणि ते नुसतं वजन होऊन राहतं. तुम्ही मॅग्नेशियमचे लावा, नाही मिळाले तर ॲल्युमिनियमचे. त्यांना रंग लावायचा नाही. मागच्याने लावलाय ना? पैज लावतो.

टूस्ट्रोकवाला | २१ मे, रात्री ९:५२

पैज जिंकलात. चकाचक निळा रंग मारलेला आहे.

टूस्ट्रोकवाला | १५ जून, रात्री ८:२०

चालू झालं! दोनशे लिटरच्या ड्रममध्ये उभं केलं, पंखा काढून ठेवला, पाणी पंपाच्या वरपर्यंत. कार्ब आधीच खोलून जेट साफ केले होते. चौथ्या दोरीला भडकलं, सगळी गल्ली निळी. बाजूच्या छोट्या भोकातून धार यायला हवी ती येईना, काळजाचा ठोका चुकला, बंद केलं. भोकात नायलॉनचा धागा घातला, मिठाचा बारका खडा होता. पुन्हा चालू, अन् कोमट धार सरळ शेजाऱ्याच्या तुळशीवर. थर्मोस्टॅट नवाच टाकला आहे. टाकण्याआधी गरम पाण्यात टांगून पाहिला, पन्नाशीच्या आसपास उघडला.

भुट्टा उर्फ फुटाळ्यावरचा भुट्टा | १५ जून, रात्री ८:३१

तुळस वाचली का ते सांगा.

टूस्ट्रोकवाला | २२ जुलै, सकाळी ९:१०

धातूवेडी ताई, तुम्ही म्हणाल्या होत्या ते खरं निघालं. सगळं धुतलं, पण टिल्टच्या (इंजिन वर उचलायच्या) ब्रॅकेटची पिन निघाली नाही म्हणून "नंतर बघू" केलं होतं. महिनाभर पावसात गॅरेजच्या कोपऱ्यात उभं आहे, नोंदणीची वाट पाहत. काल पाहिलं तर बरोबर त्या पिनेभोवती, नव्या रंगाखालून पांढरा फोड आलेला. नखानं दाबला, आत ओली रांगोळी. बाकी इंजिन कोरडं ठाक.

आता पिन काढतो. पाना भिंतीवरच आहे, आधी बादली.

धातूवेडी | २२ जुलै, सकाळी ९:४५

फोडाच्या कडेच्याही एक-दीड सेंटीमीटर पलीकडचा रंग खरवडा. खाली पसरलेलं असतं. पिन परत बसवताना मरीन ग्रीस, तांब्याचं अँटी-सीझ नको. ॲल्युमिनियमशेजारी तांबं म्हणजे पुन्हा बॅटरी.

टूस्ट्रोकवाला | ९ ऑक्टोबर, रात्री १०:०५

खूप दिवसांनी धागा वर काढतो. कागद झाले. मॅग्नेशियमचे ॲनोड लावले. मागच्या रविवारी नाव तलावात टाकली. मामा मागं बसला, मी समोर. पलीकडचा काठ, जिथे वल्हवत पाऊण तास लागायचा, तिथे दहा मिनिटांत. येताना धार बारीक झाली, पाय वर उचलून पाहिलं, पाणी घ्यायच्या जाळीत जलपर्णीची मुळं अडकलेली. तेवढीच काढली. गिअर अजून जरा कडक पडते, उलट गिअर टाकायला दोन हात लागतात, त्याचं कोणाला माहीत असन तर सांगा.

लंगर | ९ ऑक्टोबर, रात्री १०:२८

पाय बसवताना गिअरच्या दांड्याची लांबी एक-दोन आट्यांनी चुकली असेल. न्यूट्रलमध्ये ठेवून जोडणी पुन्हा जुळवा. आणि इंजिन आठवडाभर उभं राहणार असेल तर शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब रिकामा होईपर्यंत चालवा. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलंच पेट्रोल मिळतं, ते पाणी धरून ठेवतं.

जुगाडराव | ९ ऑक्टोबर, रात्री १०:५०

अन् तो कूलरचा पंप?

टूस्ट्रोकवाला | ९ ऑक्टोबर, रात्री ११:०२

परत लावला होता. ऑक्टोबर हीट म्हणून परवा कूलर चालू केला तर हॉलभर व्हिनेगरचा वास. बायको म्हणाली, घरात लोणचं कोणी घातलं? उद्या नवा पंप आणायला जातो आहे.